गूळ आणि शहाण्णव फूट भिंत

तारीख ११ जून. रक्कम अकराशे रुपये. जागा, आमच्या तांड्यातल्या देवीच्या देवळापुढे नव्याने बांधलेलं सभागृह. हजर होते ते असे: तांड्याचे नायक, म्हणजे आमच्या वस्तीचे मुख्य आणि नात्याने माझे चुलत काका, त्यांचे कारभारी, सभागृहाला वर्गणी देणाऱ्यांपैकी तिघे, माझी आई, आणि मी. नायकांनी माझ्या हातावर पैसे ठेवले. कारभाऱ्यांनी गुळाचा खडा पुढे केला, तो मी खाल्ला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आईने पदराने डोळे टिपले.

मला वाटलं, सत्कार झाला.

वाटायला कारण होतं. त्याच महिन्याच्या पहिल्या तारखेला मी पुण्यातली नोकरी सोडून कायमचा घरी आलो होतो. एकोणीस वर्षं मी एका कंपनीच्या डिझाइन विभागात काढली. बिस्किटांचे पुडे, साबणाची वेष्टनं, बियाण्यांच्या पिशव्या, हे माझं काम. शेवटची सहा वर्षं तर मी हाताने काहीच काढलं नाही. दुसऱ्यांनी काढलेलं स्क्रीनवर पाहायचं, 'नाव मोठं करा', 'हिरवा थोडा कमी करा' असं लिहायचं आणि पुढे पाठवायचं. पगार हातात एक लाख अठरा हजार. बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, म्हणून ती आणि मुलगी पांढरकवड्यातच राहिल्या. मी पुण्यात एका खोलीत राहायचो आणि दिवाळीला, उन्हाळ्यात घरी यायचो. परत आलो तेव्हा लक्षात आलं की या घरात माझा शर्ट अडकवायला खुंटी नाही. कोणाचा दोष नव्हता. घर माझ्याशिवाय नीट चाललं होतं, एवढंच.

मला पूर्ण वेळ चित्रं काढायची होती. बायकोशी बोलणं आधीच झालं होतं. नोकरीच्या फंडाला हात लावायचा नाही. मी वेगळे साठवलेले तीन लाख साठ हजार घ्यायचे. त्यातले महिन्याला वीस हजार घरात, सत्तर हजार रंग आणि कॅनव्हासला, आणि पन्नास हजार नागपूरच्या प्रदर्शनाला. प्रदर्शन फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात. गॅलरीचं भाडं वीस हजार, त्यातले आठ मी पुण्यातूनच भरून टाकले होते. वीस चित्रं हवी होती.

"एक वर्ष," बायको म्हणाली होती. "पुढच्या जूनमंदी पोरीची ॲडमिशन हाये. तवा मले 'अजून सहाच महिने' असं काही आयकाचं नाई."

"जून म्हणजे जून," मी म्हणालो.

काय काढायचं तेही ठरलेलं होतं. पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, उपटून नेल्यावर आणि नांगर लागायच्या आधी आमच्याकडची काळी जमीन महिनाभर उघडी पडलेली असते. त्यात झाड नाही, माणूस नाही. लांबून ती नुसती काळी दिसते, पण जवळ गेलं की तिच्यात जांभळा असतो, तपकिरी असतो, सकाळच्या वेळी निळासुद्धा असतो. पुण्याच्या खोलीत मी बर्न्ट अंबर आणि अल्ट्रामरीन मिसळून कितीदा तो काळा करून पाहिला होता. तो जमला तर मी चित्रकार, असं मी मनाशी धरलं होतं.

आता त्या गुळाकडे येतो.

संध्याकाळी तांड्यावरून घरी आलो आणि बायकोला सांगितलं की माझा सत्कार झाला. ती वह्या तपासत होती. आम्ही घरात बंजाऱ्यांची गोर बोली बोलतो, बाहेर वऱ्हाडी. इथे बाकीच्यांचं बोलणं वऱ्हाडीतच लिहितो, माझं मात्र पुण्याच्या सवयीचं.

"शाल देल्ली?"

"शाल नाही. अकराशे रुपये आणि गूळ."

तिने पेन खाली ठेवला. "गूळ तुम्ही खाल्ला?"

"खाल्ला."

"नायकाच्या समोर?"

"त्यांनीच तर बोलावलं होतं."

"त्याच्या आधी काय बोलले थे?"

मी आठवून सांगितलं. काका म्हणाले होते, "सभागृहाच्या भितीवर आपली लदेणी काढाची हाये. तांड्याचंच पोरगं चित्रकार होऊन आलं, त बाहेरचा पेंटर कायले आणाचा?" लदेणी म्हणजे आमच्या पूर्वजांचे बैलांचे तांडे, पाठीवर मीठ आणि धान्य लादून देशभर फिरणारे. मी म्हणालो होतो, "हो काका, करू की."

"अन् मंग गूळ खाल्ला," बायको म्हणाली. "अवं, आपल्यात सगाई कशी पक्की होते? गूळ खाऊन. बैल कसा इकते? गूळ खाऊन. सत्काराले कोणी गूळ देते का? तुम्ही काम घेऊन आले. अकराशे रुपये इसार हाये तो."

मी म्हणालो की मला हे माहीत नव्हतं.

"तुम्हाले कसं माईत असन? आपल्या सगाईले तुम्ही नागपूरले परीक्षेत होते. गूळ तुमच्या बाबानं खाल्ला."

हे खरं होतं. मी नवव्या वर्षी आश्रमशाळेत गेलो, तिथून नागपूरच्या कला महाविद्यालयात, तिथून पुण्याला. तांड्यावर मी नेहमी पाहुणा. आणि पुण्यात आमच्या मीटिंगमध्ये 'करू की' म्हणजे 'आज विषय संपवू' असा अर्थ होता. तिथे करार वेगळा व्हायचा, कागदावर व्हायचा. कोणी गूळ पुढे केला असता तर कोणाच्या तरी मुलाचा वाढदिवस असेल असं समजून आम्ही तो खाल्ला असता.

दुसऱ्या दिवशी जाऊन नाही म्हणता आलं असतं का? मी तेव्हा पुष्कळ विचार केला. पण सकाळी सातला आईचा फोन आला. ती तांड्यावर एकटी राहते. म्हणाली, "चुना मारून राह्यले रे भितीले. म्या सांगतलं, माह्या पोराले एकदम पांढरी भित लागते." मग मी नाही म्हणालो नाही. शिवाय, हेही लिहायला हवं, लदेणी हा विषय मला आवडला होता.

भिंती तीन. मोजल्या: एक चाळीस फूट, दोन अठ्ठावीस फुटांच्या. एकूण शहाण्णव फूट लांबी, चित्राची उंची सहा फूट. दोन महिन्यांत होईल असा माझा अंदाज होता. तांडा घरापासून सतरा किलोमीटर. जुलैपासून बायको शाळेच्या बसला गेली की मी मोटारसायकल काढायचो.

पहिले तीन आठवडे चांगले गेले. बैलांची रांग, पाठीवरच्या गोण्या, मागे बायका, त्यांच्या अंगावरचं आरशांचं भरतकाम. आई दुपारी भाकरी घेऊन यायची आणि खाली बसून वर बघत राहायची. मग माणसांचे चेहरे काढायची वेळ आली, आणि कारभारी एक कागद घेऊन आले.

"हे अकरा जण," ते म्हणाले. "पाच हजाराच्या वर वर्गणी देणारे. बैलाच्या मांगं जे माणसं चालून राह्यले, त्याइले याइचे चेहरे देजो."

"कारभारी, लदेणी बंद होऊन शंभर वर्षं होऊन गेली."

"मंग? माणसं तेच हायेत ना. नाक तेच हाये."

मी अकरा जणांचे फोटो मागितले. इथून खरं काम सुरू झालं.

एकाने फोटो दिला तो वडिलांचा. चेहरा तसाच काढला. तो आला, पाहिलं, म्हणाला, "घड्याळ नाई देल्लं?"

"लदेणीच्या काळात घड्याळ कुठलं, दादा?"

"माह्या बापाले घड्याळाची लय हौस होती. घड्याळाशिवाय तो जेवत नव्हता. देवळात बिना घड्याळाचा उभा करतो का त्याले?"

घड्याळ दिलं. ते पाहून दुसऱ्याने खिशाला पेन मागितला. बंडीला खिसा नव्हता, म्हणून आधी खिसा काढावा लागला. सुरतला कामाला गेलेल्या एकाने फोनवर स्वतःचा गॉगल घातलेला फोटो पाठवला आणि वर लिहिलं, 'असाच पायजे.' एका घरचे म्हणाले, आमचा माणूस एवढा काळा नव्हता. मी रंग उजळ केला, तर शेजारच्या घरचे म्हणाले, मग आमचाच काहून काळा ठेवला?

सगळ्यात अवघड होते दोन भाऊ. बांधावरून त्यांचं बोलणं बंद होतं. दोघांनीही वर्गणी दिली होती, दोघांनाही आपापला बैल आणि त्याच्याशेजारी वडील हवे होते, आणि वडील तर एकच. थोरला म्हणाला, "बाबा माह्या बैलाच्या बाजूनं पायजे." धाकटा म्हणाला, "त्याच्या बैलाच्या मांगं माहा बाप चालनार नाई." शेवटी मी म्हातारबांना दोन बैलांच्या बरोबर मध्ये उभं केलं. तर दोघंही आठवडाभर येऊन बघत राहिले की त्यांचा पाय कोणाच्या बाजूने पुढे पडला आहे.

पुण्याला आमच्या करारात एक ओळ असायची: बदल तीन वेळा फुकट, चौथ्यापासून वेगळे पैसे. त्या ओळीला मी किती वर्षं हसत आलो होतो. इथे भिंत दिवसभर उघडी, दाराला कुलूप नाही, आणि येणारा प्रत्येक जण घरचा. पाणी भरायला निघालेली बाई थांबून सांगायची, "भाऊजी, त्या बैलाचं शिंग मोडल्यासारखं दिसते." मी ते नीट करायचो. उतरून लांबून पाहायचो, तर आधीचंच बरोबर असायचं. पण ती बाई समाधानाने निघून गेलेली असायची, मग ते तसंच ठेवायचो.

एक दिवस शिडीवर उभा असताना मी मोठ्याने म्हणालो, "नाव मोठं करा. हिरवा थोडा कमी करा." खाली आई होती. तिने विचारलं, "कोणाले म्हंतो रे?" मी म्हणालो, कोणाला नाही.

घरी यायला संध्याकाळ व्हायची. वरच्या टिनाच्या खोलीत कॅनव्हास भिंतीला पाठ करून ठेवले होते. मी रविवारी काम करायचो, पण तेवढ्या वेळात काळा रंग हाताला लागत नव्हता. भिंतीवर दिवसभर लाल-पिवळं लावलेलं असलं की डोळे तेच मागतात. दिवाळीपर्यंत माझी स्वतःची पाच चित्रं झाली. डिसेंबरअखेर नऊ. भिंत तेव्हा चाळीस फुटांची पूर्ण होती आणि दुसरी निम्मी. तिसरी कोरी होती आणि तिच्यासाठी नवे सात वर्गणीदार तयार होते, कारण पहिल्या अकरांचे चेहरे पाहून लोकांनी पैसे द्यायला सुरुवात केली होती. देवळाच्या दृष्टीने माझं काम फारच चांगलं चाललं होतं.

जानेवारीच्या सुरुवातीला गॅलरीतून फोन आला. उरलेले बारा हजार पंचवीस तारखेपर्यंत भरा आणि चित्रांची यादी पाठवा. मी बायकोला सांगितलं की यादीत नऊच चित्रं आहेत आणि त्यांपैकी मला पसंत चार.

"मंग नायकाले जाऊन सांगा. सुटा त्यातून."

"सुटता येतं?"

"येते. बैठकीत उभं राहून बोलणं मोडलं म्हणाव लागते. दंड बसते. दंड भरला का सुटला माणूस."

मला हे ऐकून फार बरं वाटलं. किंमत असलेली गोष्ट होती म्हणजे. मी दोन रात्री बसून एक कागद तयार केला. झालेली भिंत किती चौरस फूट, बाजारात भिंतचित्राचा दर काय, कमीत कमी दराने माझे किती होतात, त्यातून इसाराचे अकराशे वजा. असं दाखवायचं की खरं तर तांडाच माझं देणं लागतो, पण मी ते सोडून देतो, तुम्ही मला सोडा.

रविवारी सकाळी बैठक बसली, सभागृहातच, माझ्याच बैलांच्या खाली. आई दाराशी बायकांमध्ये होती. मी उभा राहून कागद वाचायला लागलो. तिसऱ्या ओळीवर कारभारी म्हणाले, "थांब बेटा. हे काय हाये?"

"हिशेब आहे."

"बिल आणलं बावा यानं!" एक जण ओरडला आणि सगळी बैठक हसली. "जीएसटी लावला का रे?"

नायक हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "गूळ खाल्ला का नाई?"

"खाल्ला."

"भित झाली?"

"निम्मी झाली, काका."

"निम्मा गूळ खाल्ला व्हता का?"

मी कागद घडी करून खिशात ठेवला. मग सांगितलं ते साधं सांगितलं. मी नोकरी चित्रं काढायला सोडली. माझ्याकडे जूनपर्यंतच वेळ आहे. भिंत पुरी करत बसलो तर ते वर्ष संपतं, आणि मला परत पुण्याला जावं लागतं. गुळाचा अर्थ मला तेव्हा कळला नव्हता, पण खाल्ला तो मीच, म्हणून दंड सांगा.

धाकटा भाऊ, तो बांधवाला, म्हणाला, "पण हे काय चित्र नाई का? इथं काय करून राह्यला तू सहा महिने?" त्याला उत्तर द्यायचा मी प्रयत्न केला. काळ्या जमिनीबद्दल सांगितलं. "नुसती जमीन?" तो म्हणाला. "बिना पिकाची? ते कोण घेईन?" मलाही ते माहीत नव्हतं.

पंच आपसात बोलले. मग नायक म्हणाले, "रिवाज असा हाये का एक्कावनशे दंड, इसार वापस, अन् सबन तांड्याले जेवण. पण पोरगं आपलं हाये, सहा महिने राबलं. दंड एकवीसशे करा. जेवण फक्त पंचाइले."

मी मनात बेरीज केली. एकवीसशे, अकराशे, पाच जणांचं जेवण. प्रदर्शनाच्या बेचाळीस हजारांतून हे गेलं तरी भाडं आणि चौकटी भागत होत्या. मी हात जोडले.

तेवढ्यात आई उठली. आमच्याकडे बैठकीत बायका सहसा बोलत नाहीत. ती दारातूनच म्हणाली, "नायक, कमी नोका करू."

"भाभी, तुह्याच पोराचा फायदा करून राह्यलो."

"म्हणूनच म्हंतो. उद्या कोणी म्हणन, हिच्या पोराचं बोलणं अर्ध्या भावात मोडते. रिवाज जेवढा हाये तेवढा घ्या. तांड्याले जेवण द्या. मंग कोणी माह्या दारावरून जाताना बोलू नोये."

मी तिच्याकडे पाहिलं. तिला प्रदर्शनाचं माहीत नव्हतं असं नाही, मीच तिला तारीख सांगितली होती. पण मी जूनमध्ये कुठेही असलो तरी ती तिथेच राहणार होती, त्या लोकांत, त्याच पाणवठ्यावर. तिने पदर सावरला आणि परत खाली बसली. माझ्याकडे पाहिलं नाही. नायकांनी मला विचारलं, "बोल."

दुसरं काय बोलणार होतो? मी म्हणालो, "पूर्ण घ्या."

घरी बायकोला सांगितलं तेव्हा ती आधी चिडली आणि मग म्हणाली, "माह्या आईनंही हेच केलं असतं." तिने स्वतःच्या पैशातून भाडं भरायची तयारी दाखवली. पण चौकटींचे आणि वाहतुकीचे तीस हजार तरी कुठून आणायचे, आणि यादीत मुळात नऊच चित्रं. मी गॅलरीला फोन केला. तिथली बाई सौजन्याने बोलली. आधीचे आठ हजार परत मिळणार नाहीत, पण आता चार हजार भरले तर जुलैतला एक आठवडा स्वस्तात मिळेल, पावसात कोणी घेत नाही.

"जुलै जूनच्या मांगं येते का पुढं?" बायकोने विचारलं.

"पुढे."

"मंग जूनपासून घरात वीस हजार येतीन का?"

मी जुन्या कंपनीला निरोप पाठवला. त्यांनी दुसऱ्याच दिवशी होकार कळवला: दुपारनंतर घरून काम, कॅटलफीडच्या पोत्यांचं डिझाइन, महिना पंचवीस हजार. काम जूनपासून. बायको म्हणाली, मग ठीक आहे. म्हणजे माझ्याकडे जूनपर्यंतचे दिवस पूर्ण आणि त्यानंतर सकाळ, एवढं उरलं. मी त्या कामाला होकार कळवला.

जेवणाच्या दिवशी तांड्यातले लोक चांगले वागले. रोडगे, वांग्याची भाजी, वरण. गोवऱ्यांच्या विस्तवाशी बसलेल्या आचाऱ्याने मला भाजलेल्या रोडग्यांवरची राख झटकायला लावलं. दोघे भाऊ एकाच पंगतीत बसले, मध्ये तिसरा माणूस होता. राहिलेल्या भिंतीसाठी नंतर मुकुटबनहून एक बोर्ड रंगवणारा आणला. त्याने सातही वर्गणीदारांना एकसारखी मिशी दिली आणि आजवर एकाचीही तक्रार नाही. आई पंगतीत वाढत होती. माझ्या पानात तिने तूप जास्त वाढलं आणि म्हणाली, "आता जाय. काढ तुही काळी माती." हे ती रागाने म्हणाली की कसं, ते मला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टिनाच्या खोलीत गेलो. कॅनव्हास वळवले. पसंतीच्या चारपैकी एक पुसून टाकलं. उरलेल्या तिन्हींसमोर दुपारपर्यंत बसलो आणि थोडं काम केलं. ठीक झालं, चांगलं नाही.

दिलं ते असं. नायकांकडे दंड एक्कावनशे आणि इसाराचे अकराशे परत. गहू, डाळ, वांगी, तेल-तूप पांढरकवड्याच्या किराणा दुकानाला आणि भाजीवाल्याला मिळून पंचवीस हजार तीनशे. आचारी आणि त्याच्या दोन माणसांना चार हजार. एकूण साडेपस्तीस हजार. बेचाळीसमधून उरले साडेसहा. त्यातले चार हजार नागपूरच्या गॅलरीला, जुलैच्या दुसऱ्या आठवड्यासाठी, पंचवीस जानेवारीला भरले.